जुन्या पिकअपचा एसी: हवा गार आहे पण झोत नाही, आणि दुरुस्त केलं तरी परत तेच

जुन्या पिकअपमध्ये एसीची तक्रार निघाली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, गॅस संपला असेल. मग गॅस भरतात, थोडे दिवस बरं वाटतं किंवा तेवढंही वाटत नाही, आणि परत डॅशबोर्डच्या जाळीपाशी हात धरून बसायचं, हवा गार तर आहे पण येतेय कुठे. इथे एक गोष्ट आधी वेगळी करून घ्या नाहीतर पुढचं सगळं फुकट जाईल. हवा गार नसणं ही एक तक्रार आणि हवेला जोर नसणं ही दुसरी. गॅस कमी झाला तर हवा कोमट येईल पण ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, आधी जेवढा फेकत होता तेवढाच फेकेल. गॅसमुळे झोत कमी व्हायचा एकच आडमार्ग आहे, कॉइलवर, म्हणजे डॅशबोर्डच्या आत हवा गार करणाऱ्या छोट्या रेडिएटरसारख्या भागावर, बर्फ धरणं, त्याचं खाली सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात.

माझं म्हणणं असं की झोत कुठे अडला हे शोधण्याआधी तो कधी कमी होतो ते बघा. चावी फिरवल्यापासूनच कमी आहे, का अर्धा-पाऊण तास चालवल्यावर हळूहळू मरतो आणि गाडी थोडी उभी केली की परत ठणठणीत, का चढावर ॲक्सिलरेटर दाबला की समोरची हवा गायब होऊन काचेकडे जाते, का ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालतो आणि खालच्या तिन्ही स्पीडला मेलेला, का खड्ड्यात आदळली की बंद आणि पुढच्या खड्ड्यात चालू. ड्रायव्हर हे पाचही प्रकार "एसीची हवा कमी येतेय" एवढ्या एकाच वाक्यात सांगतो, आणि पाचही आजार वेगळे, पाचांचे पार्ट वेगळे. अंदाजाने पार्ट बदलत सुटलं तर कधीतरी लागेलही बरोबर, पण तोपर्यंत निम्मा डॅशबोर्ड खोलून झालेला असतो आणि त्याच्या क्लिपा तुटलेल्या असतात त्या वेगळ्याच.

पाना-स्क्रूड्रायव्हर काढायच्या आधी बसल्या जागी करण्यासारख्या दोन-तीन गोष्टी आहेत. एसी बंद ठेवा, नुसता ब्लोअर फुल करा, सगळ्या जाळ्या उघड्या. आता बाहेरची हवा आणि आतली हवा ह्यात लिव्हर किंवा बटण इकडून तिकडे करून बघा. आतल्या हवेवर आवाज थोडा वाढतो आणि झोतही किंचित वाढतो, ते नॉर्मल आहे, त्यावर जाऊ नका. पण बाहेरच्या हवेवर एकदम मरगळलेला आणि आतल्यावर चांगला असा ढळढळीत फरक असेल तर समोरच्या काचेखालची जी जाळी आहे तिथेच पाला नाहीतर कचरा अडकलाय, बाकी काही खोलू नका. दोन्हीकडे सारखाच कमी असेल तर अडचण पुढे आहे, म्हणजे ब्लोअर, कॉइल किंवा त्याच्याही पुढचे फ्लॅप (हवेची दिशा बदलणारी झडपं) आणि डक्ट (हवेच्या वाटा).

मग टेंपरेचरचा नॉब पूर्ण थंडवरून पूर्ण गरमवर न्या. थंडला जोर चांगला आणि गरमला कमी असेल तर हीटरच्या छोट्या रेडिएटरवर कचरा बसलाय, उन्हाळ्यात त्याचं काही अडत नाही, सोडून द्या. मग समोर, पायाशी, काचेवर अशी दिशा बदलून बघा. पायाशी भरपूर आणि समोर कमी असेल तर ब्लोअरला दोष देण्यात अर्थच नाही, हवा तयार होतेय फक्त चुकीच्या दारातून जातेय.

तिसरी गोष्ट फार कोणी करत नाही. लिव्हर आतल्या हवेवर ठेवा. ग्लोव्ह बॉक्सच्या खाली किंवा मागे जिथून आतली हवा ओढली जाते तिथे टिश्यू पेपर धरा. कागद घट्ट चिकटून बसला पण समोरच्या जाळीतून हवा येत नाही, तर हवा आत जातेय आणि मध्येच कुठेतरी गळतेय, डक्ट सुटलाय किंवा फ्लॅप अर्धवट अडकलाय. कागद नुसता फडफडला तर एकतर ब्लोअर कमजोर नाहीतर पुढे वाट बंद. ह्या दोघांत फरक कसा करायचा तर कान द्या. वाट बंद असेल तर ब्लोअर उलट जास्त वेगाने फिरतो, आवाज बारीक आणि चढा येतो, कारण त्याला ढकलायला हवाच मिळत नाही म्हणून लोड कमी होतो. ऐकायला विचित्र वाटतं पण असल्या पिंजऱ्यासारख्या पंख्याचं गणित तसंच आहे, हवा अडली की करंट कमी घेतो. आवाज जड, घरघरता आणि वेग कमी असेल तर मोटर आतून अडतेय. आवाज मऊ, घरघर नाही पण वेगच नाही, तर मोटरला व्होल्टेज पोचत नाहीये. क्लॅम्प मीटर असेल तर हेच आकड्यात दिसतं, पण तो डीसी (बॅटरीचा करंट) मोजणारा हवा, साधे बरेचसे फक्त घरातल्या विजेचा करंट मोजतात, ते इथे चालणार नाहीत.

आता सुरुवातीपासूनच झोत कमी असलेल्या गाडीबद्दल. जुन्या पिकअपला बऱ्याच वेळा केबिन फिल्टर नसतोच, काहींना फिल्टरची जागा असते पण फिल्टर घातलेला नसतो, आणि असला तरी तो आहे हे मालकाला माहीत नसतं म्हणून तो गाडी घेतल्यापासून तसाच. फिल्टर असेल तर काढून ठेवून एक चक्कर मारा, जोर आला तर विषय संपला, नवीन घाला. नसेल तर सगळी धूळ, पाला, केस, चारा, जे काय गाडीत भरलं असेल त्याचा भुसा थेट कूलिंग कॉइलवर गेलेला असतो. कॉइल चालू असताना कायम ओली, दोन फिनमधलं (पातळ पत्र्यांमधलं) अंतर जेमतेम दीड-दोन मिलिमीटर, त्यामुळे आलेली प्रत्येक गोष्ट तिथे चिकटते आणि वर्षानुवर्षं थर चढत जाऊन कॉइलने घोंगडी पांघरल्यासारखं होतं. आणि गंमत म्हणजे हा थर ब्लोअरच्या बाजूला असतो. समोरच्या जाळीच्या बाजूने कॅमेरा घालून बघितलं तर कॉइल चकचकीत दिसते आणि "कॉइल साफ आहे साहेब" असं छातीठोकपणे सांगितलं जातं. बघायचं ते ब्लोअरच्या बाजूने. त्यासाठी कॉइल काढायची गरज नाही, ब्लोअरचा रेझिस्टर (खालच्या स्पीडला करंट कमी करणारा पार्ट) बहुतेक वेळा दोन स्क्रूवर असतो आणि तो ब्लोअर आणि कॉइलच्या मधल्या डक्टमध्येच बसवलेला असतो, तो काढला की तयार भोक मिळतं, त्यातून टॉर्च आणि छोटा आरसा किंवा मोबाईलला जोडायचा वायरवाला कॅमेरा घातला की खरं काय ते कळतं. रेझिस्टर काढताना आधी चावी बंद, आणि ब्लोअर नुकताच खालच्या स्पीडला चालवला असेल तर तो तापलेला असतो, बोट भाजेल.

सफाई जागेवरच करता येते, पण ब्लोअरची मोटर बाहेर काढून, रेझिस्टर आणि आसपासच्या कपलरवर (वायरींच्या जोडांवर) प्लास्टिक गुंडाळून. आधी हाताने आणि मऊ ब्रशने मोठा कचरा ओढून काढा, ब्रश फिनच्या दिशेनेच उभा फिरवा, आडवा फिरवला की फिन मुडपतात आणि मुडपलेली फिन म्हणजे परत बंद वाट. मग कॉइल क्लीनरचा फोम, अल्युमिनियमला चालेल असं डब्यावर लिहिलेलाच घ्या, डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ ठेवा, नंतर साध्या स्प्रेच्या बाटलीने भरपूर पाणी. प्रेशर वॉशर नको, अ‍ॅसिड तर अजिबात नको, आणि पेट्रोल-रॉकेल मारून धुणारे महाभाग असतात त्यांच्यापासून गाडी लांब ठेवा, बंद डक्टमध्ये ती वाफ साठते आणि शेजारी ठिणगी मारणारी मोटर बसवायची असते.

पाणी मारायच्या आधी ड्रेन बघा. गाडीखाली फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यापाशी) रबराची छोटी नळी असते, तिथून पाणी यायला हवं. ती तुंबली असेल तर तुम्ही ओतलेलं सगळं पाणी बाजूच्या सीटखालच्या कार्पेटमध्ये जाईल. वळणावर डॅशबोर्डमधून डुबुक-डुबुक आवाज येत असेल किंवा कार्पेट ओलं असेल तर ड्रेन आधीच तुंबलेला आहे असं धरा. नळीत खालून पातळ लवचिक वायर हळूच घाला, टोकदार तार जोरात खुपसू नका, कॉइल तिथून फार लांब नसते. उंदराचं घरटं निघालं तर मास्क आणि ग्लोव्हज घाला, आधी जंतुनाशकाने ओलं करा मग उचला, कोरडं फुंकून उडवू नका.

आता तो चालता चालता मरणारा झोत. निघताना एसी झकास, अर्ध्या तासाने जोर कमी, तासाभराने जाळीतून नुसता श्वास, ब्लोअरचा आवाज मात्र पूर्ण. चहाला थांबलं, परत निघालं, एकदम नवीन गाडीसारखा झोत. मेकॅनिककडे नेली तर तिथे पोचेपर्यंत सगळं नीट, म्हणून तो म्हणतो काही प्रॉब्लेम नाही. हे जवळजवळ नेहमी बर्फच असतं. खात्री करायला एवढंच करा, झोत कमी झाला की एसीचं बटण बंद करा आणि ब्लोअर फुलवर तसाच चालू ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत झोत परत आला आणि गाडी उभी केल्यावर खाली नेहमीपेक्षा जास्त पाणी गळलं तर दुसरं काही शोधू नका, कॉइल गोठत होती. पावसाळ्यात किंवा दमट हवेत हे जास्त होतं कारण हवेत पाणीच जास्त.

कॉइल गोठू नये म्हणून प्रत्येक गाडीत कोणीतरी राखणदार ठेवलेला असतो आणि कोणता ठेवलाय ते जुन्या गाडीत बदलतं. एक प्रकार म्हणजे नॉबवाला थर्मोस्टॅट, त्याची केसासारखी पातळ तांब्याची नळी कॉइलच्या फिनमध्ये खोचलेली असते. दुसरा प्रकार, फिनमध्ये खोचलेला वायरवाला सेन्सर. तिसरा, लो प्रेशर लाईनवर किंवा अ‍ॅक्युम्युलेटरच्या डब्यावर बसवलेला प्रेशर स्विच, जो प्रेशर ठरावीक आकड्याखाली गेलं की कंप्रेसर (गॅस दाबणारा इंजिनवरचा पंप) तोडतो आणि वर आलं की जोडतो. तिघांचं काम एकच, कॉइल शून्याच्या खाली जायला लागली की कंप्रेसरचा क्लच, म्हणजे त्याला इंजिनशी जोडणारा भाग, सोडायचा.

ह्यात जे बिघडतं ते बऱ्याचदा पार्ट नसतोच, त्याची जागा बिघडलेली असते. कोणीतरी कॉइल साफ करायला खोलली, थर्मोस्टॅटची पातळ नळी किंवा सेन्सर ओढून बाजूला केला, आणि परत बसवताना फिनमध्ये न खोचता नुसता जवळ सोडून दिला. आता तो कॉइल मोजत नाही, आजूबाजूची हवा मोजतो, ती कॉइलपेक्षा गरमच असते, म्हणून तो कंप्रेसर तोडतच नाही. सर्व्हिसिंग केल्यापासून हा त्रास सुरू झाला असं जर कोणी सांगितलं तर मी सगळ्यात आधी तिथे बघेन. नळी परत खोचताना मुडपू देऊ नका, तिच्यात वायू भरलेला असतो, चीर गेली की थर्मोस्टॅट कायमचा गेला. आणखी एक शक्यता म्हणजे क्लचचा रिले चिकटलेला, तो काढून दुसऱ्या तसल्याच रिलेशी अदलाबदल करून बघणं सोपं आहे, बॉनेटखालच्या डब्यात हॉर्नचा नाहीतर दुसऱ्या कशाचा तरी सारखा रिले बहुतेक वेळा सापडतो, फक्त पिना आणि नंबर जुळवून घ्या.

आता गॅसचा संबंध. कमी गॅसने बर्फ कसा होईल असं सगळेच विचारतात. आर-१३४ए गॅस असेल आणि लो साइडच्या (कमी प्रेशरच्या लाईनच्या) गेजवर साधारण २८ पीएसआय असेल तर कॉइलमधला गॅस शून्य अंशाला उकळत असतो. गॅस थोडा कमी झाला की हे प्रेशर उतरतं, १५ च्या जवळ आलं तर उकळायचं तापमान उणे १० अंशाच्या आसपास जातं. म्हणजे कॉइलच्या सुरुवातीच्या भागात थोडासाच गॅस पण प्रचंड थंड, तिथे बर्फ धरतो, आणि पुढच्या भागात गॅसच नाही म्हणून तो कोमट. अगदीच कमी झाला तर बर्फही होत नाही आणि गारही होत नाही, म्हणून थोड्या कमी गॅसची गाडीच जास्त चकवते. अशा गाडीत नुसता गॅस टॉप-अप केला की बर्फ थांबतो, लोक म्हणतात बघ गॅसच होता, आणि गळती तशीच असल्यामुळे काही दिवसांनी परत तेच. गळती बघा आधी. सांध्यांपाशी तेलकट डाग, सर्व्हिस व्हॉल्व्हच्या टोपणाखाली तेल, कंप्रेसरच्या क्लचमागे काळपट तेलाची रेघ, ह्या तीन जागा फुकटात बघता येतात. भरायचा तर वजनाने भरून घ्या, किती ग्रॅम ते बॉनेटखालच्या स्टिकरवर असतं, अंदाजे "गार लागेपर्यंत" भरणारा माणूस टाळा. आणि खोलायच्या वेळी गॅस हवेत सोडून देऊ नका, आर-१३४ए हा कार्बन डायऑक्साइडच्या साधारण १,४०० पट तापवणारा वायू आहे, मशीनने काढून घेता येतो. फारच जुनी, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची गाडी असेल तर त्यात मुळात आर-१२ असणार, त्याचं तेलसुद्धा वेगळं, मागच्या मालकाने बदललंय का ते कळल्याशिवाय काहीच भरू नका.

पण थर्मोस्टॅट आणि गॅसला हात लावायच्या आधी कॉइल साफ पाहिजे, हे उलटं करू नका. मळलेल्या कॉइलमधून हवा कमी जाते, कमी हवा म्हणजे कॉइलला उष्णता कमी मिळते, ती आणखी थंड होते, मग बर्फ, मग आणखी कमी हवा. सगळे पार्ट चांगले असूनही ब्लोअर एक नंबरवर आणि थंड फुलवर ठेवून दमट हवेत लांब पल्ला मारला तर काही गाड्या गोठतात. तोपर्यंत वेळ मारून न्यायची असेल तर ब्लोअर दोनच्या वर ठेवा आणि झोत कमी वाटला की काही मिनिटं एसीचं बटण बंद.

ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडला चालतो, ह्याचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे, रेझिस्टर जळाला. बरोबर आहे, शेवटच्या स्पीडला करंट रेझिस्टर टाळून थेट जातो म्हणून तो एकच चालतो. पण प्रश्न नवीन घातलेला रेझिस्टर काही महिन्यांत परत का जळतो हा आहे, आणि दुकानदार तिसरा द्यायला आनंदाने तयार असतो. रेझिस्टर जळायच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे मोटरचं बुश किंवा बेअरिंग घासलंय, ती हवेपेक्षा जास्त करंट ओढते. दुसरी म्हणजे हवाच अडलेली आहे. रेझिस्टर डक्टमध्ये बसवतात तो त्याच्यावरून जाणाऱ्या हवेने थंड राहावा म्हणून, कॉइल तुंबली की करंट कमी असूनसुद्धा तो तापून त्याचा थर्मल फ्यूज उडतो. म्हणजे परत परत जाणारा रेझिस्टर हा तुंबलेल्या कॉइलचा निरोप असू शकतो. दोन्हीपैकी कोणती वाट ते ठरवायला मोटर बाहेर काढून हाताने फिरवा, मोकळी फिरून सावकाश थांबायला हवी. अडत, खरखरत थांबत असेल तर बदला. शाफ्ट बाजूला हलत असेल तरी बदला. तेलाचे दोन थेंब टाकून आवाज जातो पण तो उन्हाळाभर पुरेल ह्याची खात्री मी देणार नाही.

ह्याच कामात कपलर नीट बघा, बोटाने नाही डोळ्याने. पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी किंवा वितळलेलं असेल तर नवीन रेझिस्टरला तोच जुना कपलर लावण्यात काही अर्थ नाही, सैल पिन तापते आणि नवीन पार्टही घेऊन जाते. खड्ड्यात चालू-बंद होणारा ब्लोअरसुद्धा बहुतेक वेळा इथेच सापडतो, नाहीतर अर्थिंगच्या बोल्टवर. इंजिन चालू, ब्लोअर फुल, आणि मल्टिमीटर मोटरच्या दोन वायरींवर, कपलर लावलेला असताना मागून टोचून. बॅटरीवर १४ व्होल्ट आणि मोटरवर १३ च्या वर असेल तर वायरिंग ठीक. मोटरवर १०-११ च दिसत असतील तर मधले तीन-चार व्होल्ट कुठेतरी उष्णता बनून जातायत. मग मीटरचं एक टोक मोटरच्या निगेटिव्हला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला, अर्धा व्होल्ट किंवा जास्त आला तर अर्थिंग खराब, बोल्ट काढून पत्रा घासून परत घट्ट करा. तिथे काही नसेल तर फ्यूज, रिले आणि डॅशवरचा स्पीडचा स्विच, जुन्या गाडीत त्या स्विचचे कॉन्टॅक्ट जळून काळे झालेले असतात. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा वायरचा तुकडा घालायचा प्रकार कृपा करून करू नका, ब्लोअरची वायर डॅशबोर्डच्या मागून जाते आणि तिथे लागलेली आग हाताला सापडत नाही.

मोटर नवीन घातल्यावर झोत आधीपेक्षा कमी झाला तर वायरी उलट्या लागल्यात का बघा. पंखा उलटा फिरला तरी हवा उलटी ओढत नाही, पिंजरा-पंखा उलटा फिरूनही त्याच दिशेला फेकतो, फक्त खूपच कमी, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही आणि लोक परत गॅसच्या मागे लागतात. पंख्याची पाती आणि फिरायची दिशा जुन्याशी ताडून बघा, जुना पंखा फेकून देऊ नका.

चढावर हवा समोरून जाऊन काचेकडे वळते त्याला मात्र ब्लोअर, गॅस, कॉइल कशाचाच संबंध नाही. बऱ्याच जुन्या गाड्यांत फ्लॅप व्हॅक्युमवर (हवेच्या ओढीवर) चालतात, आणि व्हॅक्युम गेलं की फ्लॅप मुद्दाम काचेकडे पडतील अशी रचना असते, काच धुकटून अपघात होऊ नये म्हणून. पेट्रोल इंजिनमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की मॅनिफोल्डचं (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीचं) व्हॅक्युम कमी होतं, तेवढ्या वेळापुरतं साठवून ठेवायला छोटा प्लास्टिकचा डबा आणि उलटं जाऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह असतो. डबा तडकला, व्हॉल्व्ह गळला किंवा बॅटरीजवळून जाणारी पातळ नळी उष्णतेने आणि अ‍ॅसिडने कडक होऊन तुटली की हा खेळ सुरू होतो. चेक व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून तपासता येतो, एका बाजूने हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूने अजिबात नको. नळी बदलायची तर तुकडा जोडण्यापेक्षा अख्खी बदला. डिझेल पिकअपमध्ये व्हॅक्युम पंपाने तयार होतं आणि तोच पंप ब्रेक बूस्टरलाही देतो, म्हणून डिझेल गाडीत फ्लॅप सुस्त आणि त्याच वेळी ब्रेकचा पॅडल कडक लागत असेल तर एसी राहू द्या बाजूला, आधी ब्रेकचं बघा, त्या अवस्थेत गाडी चालवू नका.

फ्लॅप केबलने हलवणाऱ्या गाडीत लिव्हर एकदम सैल झाला तर केबल क्लिपमधून सुटलेली असते, कडक झाला तर फ्लॅप कशात तरी अडकलाय, पेन किंवा नाणं निघतं बऱ्याचदा, जोर लावून मोडू नका. फ्लॅप छोट्या इलेक्ट्रिक मोटरने हलवणाऱ्या गाडीत डॅशमागे टक-टक-टक असा आवाज काही सेकंद येऊन थांबतो, आतल्या प्लास्टिकच्या गिअरचे दात गेलेले असतात.

जाळीतून काळा भुसा उडतोय का? ती धूळ नाही, फ्लॅपच्या कडांना चिकटवलेला फोम कुजून पडतोय. फोम गेला की फ्लॅप बंद असूनही बाजूने हवा सुटते, समोर जायची ती पायाशी आणि काचेवर वाटली जाते, आणि टेंपरेचरच्या फ्लॅपचा फोम गेला तर हीटरवरची गरम हवा गार हवेत मिसळते. काही फ्लॅपना मुळातच भोकं असतात आणि ती फक्त ह्या फोमनेच झाकलेली असतात. तिथे पोचता आलं तर भोकांवर अल्युमिनियमची टेप आणि कडांना पाणी न शोषणारा फोम, साध्या गादीचा स्पंज लावलात तर तो ओला राहून वास मारेल.

म्युझिक सिस्टीम बदलल्यानंतर मधल्या जाळीचा जोर कमी झाला असेल तर सिस्टीम परत बाहेर काढा आणि मागे हात घाला, डक्ट ढकलला जाऊन निसटलेला असतो आणि सगळी गार हवा डॅशबोर्डच्या पोटात जात असते. बसवा, सांध्यावर टेप मारा.

एवढं सगळं करूनही कॉइलच बाहेर काढायची वेळ आली, म्हणजे फिन कुजल्यात किंवा थर निघतच नाहीये, तर काम मोठं आहे, गॅस काढायचा, बऱ्याच गाड्यांत डॅश उतरवायचा, म्हणून एकदा उघडल्यावर तिथलं बाकीचंही करून घ्या. सगळ्या ओ-रिंग नवीन, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ओरिफिस ट्यूब (कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारा भाग) नवीन, ड्रायर किंवा अ‍ॅक्युम्युलेटर नवीन कारण तो उघडा पडला की हवेतलं पाणी शोषून घेतो, फ्लॅपचे सगळे फोम, आणि हीटरचा रेडिएटर पाझरत असेल तर तोही. जुन्या कॉइलमध्ये राहिलेलं तेल मोजून तेवढंच नवीन टाकायला सांगा. आणि डॅश परत चढवायच्या आधी ब्लोअर चालवून सगळ्या दिशांना फ्लॅप फिरतायत का, ड्रेनमधून ओतलेलं पाणी खाली पडतंय का आणि सेन्सर फिनमध्ये नीट खोचलाय का, हे स्वतः उभं राहून बघा.